मुरलेली खळ

मागच्या खोलीत कढई पालथी होती.

दार सरकवून चिझुरु उंबऱ्यातच थांबली. महाथंडीच्या पर्वातली सकाळ, आणि शेगडी गार. तिच्या आठवणीत या सकाळी ही खोली कधी दिसलीच नव्हती. दिसायची ती वाफ, आणि वाफेत काठ हरवलेली माणसं. वडिलांचा आवाज एकीकडून यायचा, त्यांचा हात भलतीकडून. गव्हाचा चीक घोटला जात असताना उएसाकांच्या घरात कोणी कोणाला पूर्ण दिसत नसे, आणि म्हणूनच की काय, त्या दिवशी भांडणंही होत नसत. आज मात्र हवा लख्ख होती. खिडकीच्या कागदातून अंगणातल्या बर्फाचा उजेड आत झिरपत होता आणि खोलीतले चौघेही स्वच्छ दिसत होते.

"आलीस? ये, ये," मासुयोकाकू म्हणाल्या. "कोट किती गं पातळ! टोकियोत थंडी कमी असते म्हणतात. मोठ्या पदाची ऊब असेल."

"गाडीत गरम होतं, काकू."

"असणारच. आमची घरं जुनी. तुला बाधायचा हो गारठा."

आई कोपऱ्यात मुळा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. पायानं एक उशी तेवढी चिझुरुच्या दिशेनं सरकवली.

"कढई अशी का?" चिझुरुनं विचारलं.

कुनिहिकोनं आपला दुखरा खांदा दाबत काकांकडे पाहिलं. तो तिचा मोठा भाऊ. वडील गेल्यापासून दुकानाचं सगळं काम त्याच्याच अंगावर होतं. "काका म्हणतात, या वर्षी खळ नाही."

"म्हणतात काय, ठरवलंय," तेइझोकाका बोलले. ऐंशी ओलांडलेले, घराचे कर्ते, ते खालमानेनं एका रुंद कुंचल्याचे केस विंचरत होते. "लोकांच्या घरात चित्र टांगायचा कोनाडाच उरला नाही, मग गुंडाळीचित्रं दुरुस्तीला आणणार कोण? हा पठ्ठ्या खांद्यानं अधू. त्याची मुलं एक नागोयाला, एक जहाजावर. आज शिजवलेली खळ उघडायची दहा वर्षांनी. तेव्हा इथं कोण बसलेलं असेल? आज ठरलेला रांजण उघडू, जेवू, आणि विषय संपला."

चिझुरु उशीवर टेकली. आज उघडायचा रांजण तिचाच होता, आणि ती त्याच्यासाठीच आली होती.

गुंडाळीचित्राला पाठीचा कागद आणि भोवतीचे कापडी काठ याच खळीनं चिकटवतात. ताजी खळ घट्ट चिकटते. इतकी, की पुढे चित्र सोडवायची वेळ आली तर कागद फाटतो पण खळ सुटत नाही. म्हणून पाच पिढ्या हे घर महाथंडीत चीक शिजवून रांजणात भरत आलं होतं. वर थंड पाणी घालायचं, जमिनीखालच्या काळोखात ठेवायचं, दर थंडीत बुरशी काढून पाणी बदलायचं. दहा वर्षांनी तिचा हट्ट मुरून जातो. मग ती कागदाला धरते, आणि कोणी जाणत्या हातानं ओलावा दिला की सोडते. रांजणाचा नियमही घरातल्या खळीइतकाच जुना होता. ज्यानं घोटलं त्याचा रांजण. उघडायच्या दिवशी तो हजर नसेल, तर ज्यानं शेवटचं पाणी बदललं त्याचा. पहिला कुंचला कशाला लावायचा, हे मालकानं सांगायचं.

"जा," काका म्हणाले. "दोघं मिळून वर आणा."

फळ्या उचलून ती कुनिहिकोमागून खाली उतरली. खालचा काळोख मऊ होता. डोळे सरावण्याआधीच मातीचा, जुन्या तांदळाच्या दारूसारखा वास आला आणि तिला वाटलं, इथं वर्षं एकामागे एक नसून शेजारी शेजारी बसलेली आहेत, गळ्यात लाकडी पाट्या अडकवून.

तिचं सगळं कामकाजी आयुष्य उजेडात गेलं होतं. ओसाकाच्या कंपनीत ती नकला काढणाऱ्या यंत्रांवर काम करायची. तिथं तिनं यंत्राला एकच गोष्ट शिकवली: कागद ओळख, आणि विसर. पिवळेपणा, घडी, चहाचा डाग, सगळं पुसून टाक. अक्षर तेवढं ठेव. या कामात ती इतकी तरबेज झाली की तिशी उलटायच्या आत तिच्या हाताखाली माणसं आली, मग एक विभाग आला. मग एकदा चाचणीसाठी कोणीतरी देवळातली जुनी पोथी आणली. यंत्रानं पानं अशी झळझळीत पांढरी केली की दालनात टाळ्या पडल्या. आणि मूळ मजकुराशेजारी कोणा भिक्षूनं फिक्या शाईत लिहिलेल्या ओळी कागदाबरोबर निघून गेल्याचं फक्त तिच्या लक्षात आलं. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. समोर नदीवर धुकं होतं, आणि तिला कितीतरी वर्षांनी घरची कढई आठवली.

त्या थंडीत ती घरी आली, वडिलांच्या हातून घोटणं घेऊन तिनं हा रांजण घोटला, आणि घरी राहील असं सगळ्यांना वाटत असतानाच टोकियोला निघून गेली. कागेरो ही तेव्हा किमोनोंच्या जुन्या वखारीत बसणारी मूठभर माणसांची कंपनी होती. झिजलेल्या चित्रांच्या हुबेहूब प्रती करायच्या, मूळ चित्रं अंधारात विसाव्याला पाठवायची, हा त्यांचा उद्योग. तिथं चिझुरुनं यंत्राला उलटा धडा दिला: कागद बघ. डाग बघ. सोनं पहाटे कसं दिसतं आणि दिवेलागणीला कसं, ते बघ. त्यासाठी तिनं सूर्यासारखे हलणारे दिवे बसवले, आणि कित्येक दुपारी ती त्या खोट्या संध्याकाळींत एकटीच बसून राहिली. आता वखार राहिली नव्हती. उंच इमारत होती, परदेशात प्रदर्शनं होती, आणि येत्या एप्रिलपासून सगळ्या तंत्रज्ञानाची प्रमुख म्हणून तिचं नाव दारावर लागणार होतं.

"हा बघ," कुनिहिको म्हणाला.

पाटीवर वडिलांचं अक्षर होतं. तिचं नाव लिहिताना शेवटचा फराटा ते नेहमी जरा लांब ओढत. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. झाकणाचा कागद नवा होता, सुतळी नवी.

"दादा, तू दरवर्षी पाणी बदललंस. मी कधी आभारसुद्धा मानले नाहीत."

"मी?" तो हसला. "तुझ्या रांजणाला काका मला बोट लावू देत नाहीत. माझा हात जड आहे म्हणे. गुडघे धरत, कण्हत स्वतः उतरतात."

"पण ते तर म्हणाले होते, गेली ती गेली, तिचं नाव काढू नका."

"वर तसंच म्हणतात."

कुनिहिकोनं रांजणाला दोर घातला, मग हात थांबवून म्हणाला, "एक सांगून ठेवतो, चिझु. तू हा यंत्रानं काढलेल्या चित्राला लावणार, हे मला कळलंय. वर मी काकांच्या बाजूनं बोलणार. उद्या देवळातली माणसं मला विचारतील, तुमची दहा वर्षांची खळ आता नकलांना लागते का? मी काय तोंड दाखवू?"

"बोल ना. बोलायला कोणी अडवलंय? रांजण तर धर."

"धरलाय. तू पायाखाली बघ."

रांजण वर आला तेव्हा सगळे नकळत ताठ बसले. काकांनी सुतळी सोडली. वरचं पाणी ओतलं, आणि काळपट हिरवी बुरशी लाकडी पट्टीनं कडेपासून हलकेच सोडवली. तापवलेल्या दुधावरची साय निघावी तशी ती अखंड निघाली. खाली खळ होती: दुधी, अर्धपारदर्शक, हिवाळी चंद्राभोवतीच्या खळ्यासारखी. काकांनी चिमटीत थोडी घेतली, बोटं मिटली, उघडली, डोळे मिटून पुन्हा तेच केलं.

"जमलीय," ते म्हणाले.

"मग झालं तर," मासुयोकाकू लगेच बोलल्या. "अहो, पाणी तुम्ही बदललंत. रांजण तुमचा."

"जाऊबाई, नियम सांगायचा तर पुरता सांगा," आईनं मुळा खाली ठेवला. "घोटणारी समोर बसलीय."

"बसलीय, कारण आज गरज आहे. मधल्या किती थंड्यांना आली?"

"बोलावलं होतं कोणी?"

"घरच्या माणसाला बोलावणं लागतं का? दरवर्षी अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड सार केलं, दरवर्षी एक वाटी जास्तीची मांडली. विचारा तुमच्या लेकाला. दरवर्षी तीच वाटी हा चाटून पुसून संपवायचा."

कुनिहिको आढ्याकडे पाहू लागला. दहा वर्षं चिझुरुनं काकूंच्या एकेका टोमण्याचा हिशेब मनात ठेवला होता. ही वाटी त्यात कुठंच नव्हती.

"दर थंडीत कंपनीचं मोठं प्रदर्शन असायचं, काकू," ती अखेर म्हणाली, आणि स्वतःलाच ते कारण ओल्या कागदासारखं लिबलिबीत वाटलं.

"पुरे," काका म्हणाले. "ती हजर आहे. रांजण तिचा. बोल, कशाला लावणार?"

"बिवा सरोवराकाठच्या देवळातल्या महानिर्वाणाच्या चित्राला."

काकांचा चेहरा उजळला. ते चित्र या घराला ठाऊक होतं. वर्षातून एकदाच टांगतात. पहुडलेले तथागत, भोवती रडणारे शिष्य, हत्ती, कोल्हे, गोगलगायी. "ते आपल्याकडे येणार? मूळ?"

"नाही, काका. मूळ आता उलगडलं की रंगाची भुकटी पडते. ते कोठारात जाईल. आम्ही प्रत केलीय, रेशमावर. ती टांगायची."

काकांनी रांजणावर ओला रुमाल घातला, जणू त्याला ऐकू जाऊ नये.

"नकलेला," ते सावकाश म्हणाले, "दहा वर्षांची खळ."

"मीही तेच म्हणतो," कुनिहिको घाईनं म्हणाला. "चिझु, तुमच्या कारखान्यात चिकटवायचं दुसरं काही मिळत नाही का?"

"मिळतं. लावलं की कधीच सुटत नाही. अध्यक्षांना तेच हवंय. देवळाला शंभर वर्षांची हमी द्यायचीय त्यांना."

"मग द्या की!" काका म्हणाले. "खोट्याला खोटं लावा. पुन्हा सोडवायचं ते खऱ्यासाठी असतं. आपल्यानंतर येणारा माणूस चित्र सोडवेल, धुवेल, परत बसवेल, म्हणून आपण हलक्या हातानं चिकटवतो. नक्कल कोण सोडवणार? फाटली की दुसरी छापाल."

"तेच तर, काका. दुसरी छापावी लागणार." तिनं पिशवीतून एक चिंधी काढून त्यांच्यापुढे ठेवली. राखी निळं रेशीम, मधोमध फिकट घडीची रेघ. "काठ अशा रेशमाचे आहेत. गावातल्या बायकांनी आपापल्या आयांचे, सासवांचे किमोनो आणून दिले. एकीनं तर रात्रभर उशाशी ठेवून मग दिला. हे रेशीम टिकेल. आमचा रंग नाही टिकणार. वर्षातून एकदाच टांगलं तरी साठ वर्षं, पुढे नाही. तेव्हा फिकं चित्र काढून नवं बसवायचं, तर हे काठ न फाटता सुटायला हवेत. कारखान्यातलं लावलं तर सगळं एकदमच टाकावं लागेल. काठांसकट."

काकांनी चिंधी उचलली. घडीच्या रेघेवर त्यांचं नख अलगद फिरलं.

"ही गळपट्टी दुमडायची जागा," आई पुढे वाकून म्हणाली. "खूप नेसलेला आहे."

"साठ वर्षं," काका म्हणाले. "हे अध्यक्षांना सांगितलंस?"

"भर बैठकीत. शंभर म्हणायला लावू नका, म्हटलं. मग म्हणाले, घरची खळ मिळत असेल तर बघा, आज संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर कारखान्यातलीच लागेल."

"आणि असं बोलूनही तुला प्रमुख केलं?"

"आधी केलं होतं. मग मी बोलले."

काकांच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा आहे हे कळायला सगळ्यांना एक क्षण लागला. कुनिहिको तर धास्तावून उठलाच होता.

पण मग ते पुन्हा गंभीर झाले. चिंधी गुडघ्यावर पसरून ती नीट करत राहिले. खिडकीबाहेर फांदीवरून बर्फ घसरला, कागदावर सावली हलली आणि स्थिर झाली. चिझुरुला ही शांतता ओळखीची वाटली. खोट्या संध्याकाळींत दिवे मंद होत जाताना, सोनं विझायच्या आधी, अशीच एक वेळ येत असे.

"साठ वर्षांनी," काका म्हणाले, "हे काठ सोडवेल कोणी. मग नव्या चित्राला लावायला त्याला खळ कुठली?"

"त्या वेळी मुरलेली असेल ती."

"म्हणजे कधी शिजवलेली?"

"पन्नास वर्षांनी," ती म्हणाली.

"कोणी शिजवलेली? या वर्षी शेगडी पेटणार नाही असं मी ठरवलंय. पुढच्या वर्षी कुनिहिको ठरवेल. पन्नास वर्षांनी चीक घोटणारा तो माणूस शिकणार कोणाच्या कढईपाशी?"

प्रश्न तिला विचारलेला नव्हता, हे चिझुरुला कळत होतं. काका एका हातानं जमीन रेटत उठले, कढईपाशी गेले आणि तिची कड धरली. ती हलेना. कुनिहिकोनं दुखरा खांदा विसरून दुसरी कड धरली आणि दोघांनी कढई उताणी केली.

"चीक तर भिजवलाच नाही यंदा," काका पुटपुटले. "मीच नको म्हटलं."

आईनं मुळ्याच्या पाटीखालचं फडकं ओढलं. खाली लाकडी बादली होती, आणि बादलीत निवळ पाण्याखाली बसलेला गव्हाचा पांढराशुभ्र चीक.

"फुमिए! तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही, भाऊजी. म्हणून तर भिजवला."

"बघा," मासुयोकाकू म्हणाल्या, "आणि मला म्हणे, मुळे लोणच्याला आणलेत." पण बोलता बोलता त्यांनी शेगडी पेटवायला काडी ओढलीसुद्धा.

चीक कढईत पडला. घोटणं घ्यायला कुनिहिको पुढे झाला, तर काकांनी ते आधीच हातात घेतलं होतं.

"काका, तुम्ही? घोटणाऱ्याचा रांजण होतो."

"होऊ दे माझा. भाऊ होता तोवर घोटणं त्याच्या हातात, मी आपला लुडबुड्या. माझ्या नावाचा एकही रांजण नाही खाली." ते ढवळू लागले, सुरुवातीला सैल, मग चीक दाटेल तसं अंग घालून. "दहा वर्षांनी नव्वदीपार. उघडायला मी हजर असेन, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू नका."

"अहो, काहीतरीच," काकू म्हणाल्या.

"काहीतरीच काय? नियम आहे. मी नसलो तर रांजण कोणाचा?"

ज्यानं शेवटचं पाणी बदललं त्याचा. खोलीत प्रत्येकाला ते पाठ होतं, म्हणून कोणी उच्चारलं नाही. चिझुरुच्या डोळ्यांपुढे दारावरची नवी पाटी आली, थंडीतली प्रदर्शनं आली, त्यांसाठीचं तैपेईचं विमान आलं. मग खालच्या काळोखात गुडघे धरून उतरणारा एक म्हातारा आला, जो वर येऊन तिचं नाव काढू देत नसे.

"मी बदलेन पाणी," ती म्हणाली.

"टोकियोहून?" काकूंनी विचारलं.

"दोन तासांत पोचते गाडी."

"शेवटचं बदलायचं असेल तर आधीची सगळी बदलावी लागतात," काका कढईकडे पाहत म्हणाले. "शेवटचं कुठलं, ते बदलताना कळत नाही."

"येईन, काका. दर थंडीत."

कढईतून पहिली वाफ उठली. आधी काकांचे हात गेले, मग त्यांचे खांदे. आईचा चेहरा पांढऱ्यात मिसळला, कुनिहिको नुसता खोकला होऊन उरला. आतून कुठूनतरी काकूंचा आवाज आला, "या वर्षी तुझी वाटी मी झाकून ठेवणार आहे. याला दिसलीच नाही पाहिजे."

"मला आताही काही दिसत नाही," कुनिहिको म्हणाला.

"चिझु," वाफेतून काकांनी हाक मारली. दहा वर्षांत पहिल्यांदाच, आणि रोजच मारत असल्यासारखी. "मग बसलीस काय? रांजणावर घालायचं पाणी आण."

तिनं पातळ कोट अंगावर तसाच ठेवला आणि बादली घेऊन अंगणात गेली. विहिरीच्या कडेवर बर्फ साचला होता. पोहरा सोडण्याआधी तिनं एकदा वळून पाहिलं. खिडकीचा कागद आतून उजळला होता आणि त्यावर चार सावल्या हलत होत्या. त्यांतली कोणती कोणाची, हे तिला इथून सांगता आलं नसतं.